मढ्याचा हिरवा

घड्याळवाल्यांच्या हातून चूक झाली असं कुणी सांगितलं असतं, तर त्या गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा हसलं असतं. अहो, चहात साखर घालतानासुद्धा चमचा डोळ्यांसमोर धरून सपाट करून घेणारा हा माणूस. दुकान एवढंसं, की दोन गिऱ्हाइकं एकदम शिरली तर एकाने पोट आत घ्यायचं. दिवसभर डोळ्याला भिंग, हातात चिमटा आणि समोर कुणाचं तरी उघडलेलं घड्याळ. बोलणं कमी. पण जे बोलतील ते इतकं ठाम, की ऐकणाऱ्याला आपलंच काहीतरी मागे पडलंय असं वाटावं.

अशा माणसाला बाहुल्यांचा नाद लागला, तेव्हा बायकोने कपाळावर हात मारून घेतला होता. बाहुल्या म्हणजे काय, तर बोटाच्या दोन पेरांएवढे पुतळे. राक्षस, जादूगार, वाकड्या नाकाचे बुटके, चिलखतातले सरदार. प्लास्टिकच्या चौकटीला चिकटलेले हात, पाय, मुंडकी असे सुटे सुटे येतात. ते कापायचे, कडा घासायच्या, जोडायचे, रंगवायचे, आणि मग टेबलावर खोटी पडकी घरं मांडून त्यांच्या टोळ्यांची लढाई लावायची. फासे टाकायचे, पट्टीने अंतर मोजायचं, आणि केस पिकलेल्या माणसांनी 'तुझा बुटका माझ्या भिंतीआड शिरलाच कसा' यावरून हमरीतुमरीवर यायचं.

हे खूळ घरात आणलं ते मेहुण्याने. बायकोचा धाकटा भाऊ. कोपऱ्यावर त्याचं सलून. घड्याळवाले पहिल्यापासून सगळ्यांना 'हा माझा मेहुणा' अशीच त्याची ओळख करून देत आले, त्यामुळे आता सगळी गल्लीच त्याला मेहुणा म्हणते. ज्यांची लग्नं झालेली नाहीत तेसुद्धा. पोट सुटलेलं, मिशी भरघोस, तोंड सदानकदा चालू. आई गेली तेव्हा तो शाळेतही जात नव्हता; ताईनेच त्याला वाढवला, आणि लग्न होऊन आली ती त्याला बरोबर घेऊनच आली. त्यामुळे घड्याळवाल्यांना तो मेहुणा कमी आणि पोटचा पोर जास्त. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. बोलतील तर ते घड्याळवाले कसले.

खेळायला चौघं. मेहुणा, घड्याळवाले, औषधांच्या दुकानातल्या बाई आणि एक ड्रायव्हरसाहेब, जे आठवडाभर बस चालवायचे आणि सुट्टीच्या दिवशी आपले राक्षसही रांगेने, वळणावर वेग कमी करून चालवायचे. सलूनला सुट्टी असली की दुपारी शटर अर्धं खाली यायचं, दोन खुर्च्यांच्या हातांवर फळी पडायची, आणि दोन्ही भिंतींच्या आरशांत एका लढाईच्या पन्नास लढाया दिसायला लागायच्या.

रंगकाम मात्र सगळ्यांचं घड्याळवाल्यांकडे. तसा हात दुसऱ्या कुणाचा नव्हताच. सरदाराच्या डोळ्यातलं बुबुळसुद्धा हा माणूस श्वास रोखून एका टिंबात काढायचा. रंगांच्या बाटल्या लाकडी घडवंचीवर ओळीने. प्रत्येकीवर स्वतःच्या अक्षरात नाव लिहिलेली चिठ्ठी. बाटलीतून रंग काढायचा, लावायचा, झाकण लावून बाटली त्याच जागी. दोन रंग एकमेकांत मिसळणं त्यांना बिलकुल आवडायचं नाही. ज्याला नाव नाही त्याचा भरवसा काय धरायचा, असं ते म्हणायचे.

आता त्या मंडळींचा एक नियम सांगायलाच हवा, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरूनच घडलं. नियम केला होता मेहुण्यानेच. खेळात एखादा पुतळा मेला की तो कायमचा मेला. पण टाकून द्यायचा नाही. घड्याळवाल्यांनी तो घरी न्यायचा आणि त्याचा चेहरा, हात, जे काही उघडं अंग असेल ते एका ठरावीक रंगाने रंगवायचं. बाटलीवर चिठ्ठी होती, 'मढ्याचा हिरवा'. मग तो पुतळा मढ्यांच्या टोळीत जायचा. ती टोळी कुणाच्या मालकीची नाही. फाशांवर सहा पडला की कोपऱ्यातून निघायची आणि सगळ्यांचीच दाणादाण उडवायची. आणि मढ्यांना पुन्हा मारता येत नाही, फक्त मागे ढकलता येतं. मेहुणा खेळायचा इतका वाईट, की त्या टोळीतले बहुतेक जण त्याचेच. 'माझी माणसं मेल्यावरच कामाला लागतात,' असं तो अभिमानाने सांगायचा.

तर या मेहुण्याच्या पोटात गाठ निघाली.

सुरुवातीला त्याने अपचन, गॅस, उभं राहून राहून असं काय काय सांगून बघितलं. पण ताईसमोर त्याचं काही चालेना. तपासण्या झाल्या, रिपोर्ट आले. ते दाखवायला ताई आणि घड्याळवाले दोघंही त्याच्याबरोबर गेले. डॉक्टरांनी सांगितलं की ऑपरेशन करायचं, लवकर करायचं, आणि गाठ कसली आहे ते बाहेर काढल्यावरच नक्की कळेल. तिघं बाहेर पडले, तेवढ्यात डॉक्टरांनी घड्याळवाल्यांना एकट्यालाच परत आत बोलावलं. थोड्या वेळाने ते बाहेर आले. मेहुण्याने विचारलं, काय म्हणाले? 'काही नाही, चला,' असं म्हणून ते चपला घालायला लागले. त्यांच्या मते त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच.

मेहुण्याने मग सगळ्यांना तंबी दिली: आजाराचा विषय सलूनमध्ये काढायचा नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सुट्टी होती. त्या दिवशी नेहमीसारखं खेळायचं. रडकी तोंडं करून कुणी आलं तर त्याची भादरून पाठवीन.

घड्याळवाल्यांनी ते ऐकलं आणि कामाला लागले. त्यांनी ठरवलं, मेहुण्याचाच पुतळा करायचा. खुद्द त्याचा. आजवर या मंडळींत कुणी कुणाचा केला नव्हता. एका जाड्या सरदाराचं धड घेतलं. चिलखतावर पुट्टी लावून सलूनमधला एप्रन केला, त्याला सुईच्या टोकाने चुण्या काढल्या. तलवार कापून टाकली आणि हातात वस्तरा दिला. त्याचं पातं म्हणजे घड्याळाच्या तुटक्या स्प्रिंगचा तुकडा. हात खांद्याला नुसता चिकटवून ते थांबले नाहीत. दोन्हीकडे केसाएवढं भोक पाडून मध्ये तार घातली, म्हणजे ओढला तरी निघणार नाही. मिशी पुट्टीचीच, पण एक एक केस वेगळा. बायको म्हणाली, जेवायला या. ते म्हणाले, मिशी ओली आहे.

आणि चेहऱ्यासाठी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा नियम मोडला. बाटलीतला अंगाचा रंग सगळ्या सरदारांना चालायचा, पण मेहुण्याला कसा चालेल? म्हणून त्यांनी ओला ट्रे काढला. ट्रे म्हणजे चौकोनी डबा, त्यात ओला स्पंज, स्पंजावर कागद. त्या कागदावर कालवलेला रंग दिवसचे दिवस वाळत नाही. तपकिरीत पिवळा, पिवळ्यात लाल, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून थेंब थेंब घालत त्यांनी ट्रेच्या डाव्या कडेला मेहुण्याच्या अंगाचा रंग तयार केला. उजव्या कडेला मढ्याचा हिरवा आधीच काढलेला होता. मागच्या खेळात ड्रायव्हरसाहेबांचे दोन राक्षस मेले होते, त्यांना लावायचा होता. डावीकडे जिवंत, उजवीकडे मेलेले, असं मनाशी म्हणून त्यांनी झाकण लावलं आणि दुकान उघडायला गेले.

परत आल्यावर बसले, भिंग लावलं, डाव्या कडेचा रंग घेतला आणि चेहरा केला. गालांना एक हात, कपाळाला एक हात, मग दोन्ही हातांची बोटं. असा चेहरा त्यांनी उभ्या जन्मात केला नव्हता. घड्याळाच्या डबीत कापूस घालून पुतळा ठेवला आणि बायकोने दाखवा म्हटलं तरी दाखवला नाही. आधी त्याला बघू दे, म्हणाले.

सुट्टीच्या दुपारी सलूनमध्ये मेहुणा अगदी रंगात होता. ड्रायव्हरसाहेबांना म्हणत होता की तुमच्या राक्षसांना थांबा आला की उतरवता काय. औषधवाल्या बाई हसत होत्या, पण मधूनच त्यांचं लक्ष त्याच्या पोटाकडे जात होतं. घड्याळवाल्यांनी खिशातून डबी काढली, फळीच्या मधोमध ठेवली, आणि फारसं कधी न बोलणारा तो माणूस म्हणाला की उद्या जाताना हा बरोबर ने.

मेहुण्याने डबी उघडली.

कसं सांगू? एखाद्या घरात बोलता बोलता वीज जावी तसं झालं. मेहुण्याचं तोंड हसण्यासाठी उघडलेलं होतं ते तसंच राहिलं. एप्रन पांढराशुभ्र, वस्तरा लखलखीत, मिशी हुबेहूब, पोटसुद्धा त्याचंच. आणि चेहरा हिरवा. मढ्याचा हिरवा. दोन्ही हातांची बोटंही हिरवी. दोन्हीकडच्या आरशांत त्या हिरव्या तोंडाच्या रांगा लागल्या होत्या; जिकडे बघावं तिकडे मेलेला मेहुणा.

बाईंनी तोंडावर हात ठेवला. ड्रायव्हरसाहेब पाणी पितो म्हणून उठले आणि नळ न सोडताच बेसिनपाशी उभे राहिले.

आणि घड्याळवाले? ते खूश. त्यांना वाटलं, काम पाहून मंडळींची वाचाच बसली. इतकी वर्षं पुतळे रंगवले, पण असा परिणाम कधी झाला नव्हता. मग काय, त्यांची जीभ सुटली. सगळ्यात जास्त मेहनत चेहऱ्यावर घेतली म्हणाले. बाटलीतला रंग नाही वापरला, खास तुझ्यासाठी कालवला. नीट बघ, भिंगातून बघ, अगदी तुझाच रंग उतरलाय.

मेहुण्याने भिंग घेतलं नाही. पुतळा उचलून डबीत ठेवला, झाकण लावलं आणि हळूच म्हणाला, "छान झालाय, दाजी."

मग म्हणाला, आज खेळायला नको, जरा दमल्यासारखं वाटतंय. तो कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन बसला. त्याचे हात मांडीवर नुसते पडले होते. घड्याळवाल्यांना आता मात्र कुठेतरी खटकलं. पण काय खटकलं ते कळेना. त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान फिरवली.

तेवढ्यात अर्ध्या शटरखालून वाकून ताई आत आली. दवाखान्यात न्यायची पिशवी भरून झाली होती, भावाला घरी न्यायला आली होती. सगळ्यांचे चेहरे पाहिले, फळीवरची डबी पाहिली, आणि तिने ती उघडली. आपल्या नवऱ्याने रात्रंदिवस खपून काय केलंय याची तिलाही उत्सुकता होतीच ना.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने डबी नवऱ्यासमोर धरली आणि विचारलं, "माझ्या भावाचं मढं केलंत?"

घड्याळवाल्यांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मढं कुठलं? ताईने कपाटातून मढ्यांच्या टोळीतला एक बुटका काढला आणि पुतळ्याशेजारी आपटला. हा रंग बघा आणि हा बघा, म्हणाली. घड्याळवाल्यांनी पाहिलं. चष्मा काढून पाहिलं, भिंग लावून पाहिलं. दोन्ही चेहरे एकाच रंगाचे होते, हे खरं. पण त्यात काय? मढी त्यांना नेहमी अशीच दिसायची, जराशी मळकट माणसांसारखी. मढी माणसांचीच असतात, तेव्हा अंगाचा रंग थोडासाच बदलणार, असंच ते आजवर धरून चालले होते.

"मग बरोबरच आहे की," ते म्हणाले. "अंगाचाच रंग आहे."

औषधवाल्या बाई सावकाश उठल्या. त्यांनी रॅकवरून दोन टॉवेल आणले, एक तपकिरी आणि एक हिरवा, आणि घड्याळवाल्यांच्या हातात दिले. यातला हिरवा कुठला, एवढंच विचारलं. घड्याळवाल्यांनी टॉवेल उलटेपालटे केले. कुठे चिठ्ठी आहे का ते पाहिलं. मग एक पुढे केला. चुकीचा. बाईंनी पुन्हा विचारलं, आणि त्यांनी दुसरा पुढे केला. अंदाजाने सांगतोय हे त्यांचं त्यांनाच कळलं होतं.

एवढं आयुष्य काढलं या माणसाने. सिग्नलला वरचा दिवा आणि खालचा दिवा बघून रस्ता ओलांडला. फळं दाबून घेतली. घड्याळात काय, पितळ आणि पोलाद, काळा काटा आणि पांढरी तबकडी. रंग ओळखायची वेळच आली नाही. पुतळे रंगवले ते चिठ्ठ्या वाचून. लोक वाहवा करायचे आणि यांना वाटायचं, आपल्याला दिसतं तेच सगळ्यांना दिसतं. आपल्याला काही दिसतच नाही असं कुणाच्या मनात तरी कसं येणार? ते टॉवेल हातात घेऊन तसेच उभे राहिले. पायाखालची फरशी आहे की नाही, ते बघायची त्यांची हिंमत होईना.

ताई मटकन खुर्चीत बसली. ट्रे, म्हणाली. टेबलावर पाणी सांडलं होतं म्हणून मी ट्रे उचलला, पुसलं आणि परत ठेवला. कुठली बाजू कुठे, मला काय ठाऊक? मी फिरवून ठेवला असणार. म्हणजे मीच केलं.

इथे सगळं मिटायला हवं होतं, नाही का? चूक कळली, कारण कळलं. पण बाकावरून मेहुण्याचा आवाज आला. इतका सपाट आवाज त्याचा कुणी कधी ऐकला नव्हता.

"दाजी, डॉक्टरांनी तुम्हाला एकट्याला आत का बोलावलं होतं?"

आणि मग त्याने सगळं बोलून टाकलं. त्या दिवसापासून तो हेच चघळत होता. दाजी खोटं बोलत नाहीत आणि दाजींच्या हातून चूक होत नाही. तोंडाने सांगवेना म्हणून हाताने सांगितलं. आता ताई ट्रेचं काढतेय, बाई टॉवेल काढताहेत, सगळे मिळून मला समजावताय. इतकी वर्षं रंगवतोय तो माणूस, आणि त्याला रंगच दिसत नाहीत? कुणाला सांगताय? मला जायचंच असेल तर पोट फाडून कशाला जाऊ? उद्या मी येत नाही.

ताईच्या तोंडचं पाणी पळालं. ती भावापाशी गेली, त्याचा हात धरला, त्याने सोडवून घेतला.

घड्याळवाले बाकासमोर जाऊन उभे राहिले. ते म्हणाले की अरे, डॉक्टरांचं मनगटावरचं घड्याळ बंद पडलं होतं. तुम्ही घड्याळं दुरुस्त करता ना, मग एवढं बघा, असं डॉक्टर म्हणाले. सेल गेला होता. ते तपासत बसलो म्हणून वेळ लागला. त्यात सांगायचं काय? हे ऐकून मेहुणा हसला, आणि ते हसणं ऐकवेना. घड्याळ म्हणे. याहून काही बरं सुचलं नाही का, दाजी?

आता काय करायचं? खरं बोललेलं खोटं वाटायला लागलं की माणसाने काय करावं? घड्याळवाले टॉवेल दाखवू शकत होते, बाटल्या दाखवू शकत होते, हजारदा चुकून दाखवू शकत होते. पण मुद्दाम चुकणं कुणालाही जमतं. मेहुण्याला पटेल असा एकही पुरावा त्यांच्याजवळ नव्हता. उद्या सकाळी हा पोर दवाखान्यात गेला नाही, तर ती गाठ कुणाचं ऐकणार नव्हती. आणि ते आपल्या हाताने झालं, आपल्या सगळ्यात चांगल्या कामाने. त्यांनी त्या फळीवर दोन्ही हात टेकले आणि रडायला लागले. रडतानाही आवाज नाही. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि ते सगळं मिशीत.

मेहुणा त्या मिशीकडे बघत राहिला.

बघता बघता त्याचा चेहरा बदलला. तो बाकावरून उठला, जवळ आला, दाजींची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे केलं, गिऱ्हाइकाचं करतो तसं. आणि विचारलं, "गेल्या वर्षी मी तुमची मिशी रंगवली होती. कुठला रंग होता?"

काळा, दाजी म्हणाले. नेहमीचा.

ड्रायव्हरसाहेबांच्या हातातला पेला निसटला. बाई एकदम खाली बसल्या. कारण ती मिशी त्या दोघांनीही पाहिली होती. ताई तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. सलूनमध्ये कॉलेजातल्या पोरांसाठी आणलेला गडद हिरवा रंग उरला होता, आणि मेहुण्याला लहर आली. दाजी खुर्चीत डोळे मिटून बसले होते. याने मिशी हिरवीगार करून सोडली आणि आता काय गहजब होतोय ते बघायला दारात उभा राहिला. दाजींनी आरशात पाहिलं, मान हलवली, टोपी घातली आणि निघून गेले. त्या हिरव्या मिशीने माणूस दुकानात बसला, बँकेत गेला, सुट्टीच्या दिवशी इथे येऊन गंभीरपणे राक्षस मारून गेला. गिऱ्हाइकं हसून बोलायची, तर यांना वाटलं, हल्ली लोक फार प्रेमाने वागतात. रंग उतरेपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. मेहुण्याला वाटलं, केवढ्या मोठ्या मनाचा माणूस, सगळं गिळलं. आपल्या खोडीची इतकी लाज वाटली त्याला, की पुढे त्याने कुणाला तो विषयच काढू दिला नाही.

"तुम्हाला दिसलीच नव्हती," मेहुणा म्हणाला. "दाजी, तुम्हाला खरंच दिसत नाही."

हे कुणाला ठरवून करता आलं नसतं. गेल्या वर्षी ना गाठ होती, ना डॉक्टर. मेहुण्याला पटलं. आणि पटल्यावर जे हसू फुटलं ते पोटात कळ येईपर्यंत. पोट धरून तो फळीला टेकला, ड्रायव्हरसाहेब काचा गोळा करता करता हसत होते, बाई डोळे पुसत होत्या. ताईला मात्र हसू येईना. ती एकदा नवऱ्याकडे बघे, एकदा भावाकडे. हिरवी मिशी घेऊन बँकेत गेलात, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. घड्याळवाले सगळ्यांच्या मधोमध उभे होते आणि स्वतःची मिशी चाचपून बघत होते, जणू ती आजच लावली आहे.

थोडं शांत झाल्यावर त्यांनी डबी ओढून घेतली. चेहरा आत्ताच्या आत्ता पुसतो, म्हणाले. तू चिठ्ठी वाचून रंग दे, मी लावतो. मेहुण्याने डबी त्यांच्या हातातून काढून घेतली.

"हात लावायचा नाही. मढ्यांना परत मारता येत नाही, नियम माझाच आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दवाखान्यात गेला. आत नेताना अंगावरचं सगळं काढून घेतलं, तेव्हा त्याने पुतळा दाजींच्या मुठीत दिला आणि रंगाला धक्का लागला तर बघा, असा दम भरला. दार बंद झालं.

घड्याळवाले आणि ताई बाकड्यावर बसून राहिले. भिंतीवर घड्याळ होतं, पण त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही. ताईच्या ओठांची हालचाल चालू होती. यांच्या मुठीत वस्तऱ्याचं पातं टोचत होतं. मूठ सैल करावी असं त्यांना वाटलं नाही.

दार उघडलं आणि स्ट्रेचर बाहेर आलं. मेहुणा पडला होता, डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं, नाकात नळी. घड्याळवाले झटकन उठले, पुढे झाले, वाकले. बारकाईने बघण्यात ज्याचा जन्म गेला त्या माणसाने तो चेहरा अगदी जवळून पाहिला. गाल, कपाळ, ओठ. मग मूठ उघडून पुतळ्याकडे पाहिलं. पुन्हा चेहऱ्याकडे. त्यांना दोन्ही सारखेच दिसत होते. कालपर्यंत त्यांना हे ठाऊक नव्हतं. आता ठाऊक होतं, आणि त्यांनी स्ट्रेचरचा दांडा घट्ट धरला.

त्यांनी मान वर केली आणि पलीकडे उभ्या असलेल्या बायकोला विचारलं, "अगं, रंग कसा आहे याचा?"

तिने भावाच्या गालाला हात लावला. मग तोच हात पुढे करून नवऱ्याच्या मनगटावर ठेवला.

"माणसाचा आहे," ती म्हणाली.